शिवनेरी किल्ला आणि त्याचे पाणी

(इयत्ता चौथी)



शिवनेरी किल्ला आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. बाजाराला जाताना एस.टी.च्या खिडकीतून तो दिसतो. रोज दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे नीट बघत नाही. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, पण त्यात शिवनेरी लवकर संपतो आणि पुढे तोरणा, पुरंदर, प्रतापगड सुरू होतात. म्हणून गुरुजींनी मला शिवनेरीवर लेख लिहायला सांगितला. गुरुजींनी दोन जाड पुस्तकांतून माहिती वाचून दाखवली. आमची सहलही गडावर जाऊन आली. काही गोष्टी मी घरी करून पाहिल्या. ते सगळे इथे लिहिते.

किल्ला डोंगरावर असतो हे सर्वांना माहीत आहे. पण डोंगर किल्ला कसा होतो? गुरुजी म्हणाले, तीन गोष्टी लागतात. वर चढायला अवघड कडा, वर राहायला सपाट जागा आणि प्यायला पाणी. कडा आणि सपाटी देवाने दिलेली असते. पाणी मात्र माणसाला साठवावे लागते. शिवनेरीचा माथा वरून पाहिला तर त्रिकोणासारखा आहे. खालच्या जमिनीपासून तो सुमारे एक हजार फूट उंच आहे. चहूबाजूंनी काळा कातळ सरळ उभा कापल्यासारखा आहे. जिथे चढायला जरा सोपे होते तिथे तटबंदी आणि दरवाजे बांधले. एका पाठोपाठ एक असे सात दरवाजे आहेत. वाट वळत वळत जाते. म्हणजे शत्रू एक दरवाजा फोडून आला तरी पुढे दुसरा उभाच! हत्ती धावत येऊन डोक्याने दार फोडायचा म्हणून वळण मुद्दाम ठेवायचे. वळणावर हत्तीला धावायला जागाच मिळत नाही.

आता इतिहास. पुष्कळांना वाटते की शिवनेरी महाराजांच्या वेळी बांधला. तसे नाही. तो त्याच्यापेक्षा फार म्हणजे फारच जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे सातवाहन राजांचे राज्य होते. कोकणातले कल्याण बंदर आणि वरचा देश यांच्यामधून व्यापाऱ्यांचे बैल आणि गाढवे माल घेऊन नाणेघाटाने चढत. घाट चढला की पुढे जुन्नर. घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख दगडात कोरलेला आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत, असे लोक सांगतात. व्यापाऱ्यांकडे पैसा होता. त्यांनी आणि इतरांनी बौद्ध भिक्षूंना राहायला लेणी खोदून दिली. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्रीला गणपती आहे तोसुद्धा लेण्यातच आहे. शिवनेरीच्या कड्यालाही पोटात चौफेर लेणी आहेत. आपल्याला खालून ती कबुतरांच्या खोप्यांसारखी दिसतात.

भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत. नंतरचे आठ महिने पाणी कुठून आणायचे? म्हणून प्रत्येक लेण्याजवळ कातळात टाके खोदलेले असते. त्या टाक्याला त्या वेळी ‘पोढी’ म्हणत. जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचे दगडावर लिहिलेले आहे. त्याचे नाव इरिल. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडून आलेला परदेशी माणूस. एवढ्या लांबून आलेल्या माणसाने सोने नाही दिले, पाणी दिले. मला ही गोष्ट सगळ्यांत आवडली. त्याचे नाव दोन हजार वर्षे राहिले.

पुढे गडावर यादवांचे राज्य आले, मग बहामनी सुलतानांचे. त्या काळात रशियातून अफनासी निकितीन नावाचा एक व्यापारी जुन्नरला आला होता. त्याच्याबरोबर एक घोडा होता. पावसाने वाट बंद झाली म्हणून तो पावसाळाभर जुन्नरलाच राहिला. आपल्या तालुक्यातला चिखल त्याने आपल्या वहीत लिहून ठेवला आहे! नंतर मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली. त्याचा सुरुवातीचा कारभार जुन्नरहून चाले. मग त्याने अहमदनगर वसवले. त्याला आता अहिल्यानगर म्हणतात.

निजामशाहीतच शहाजीराजे मोठे सरदार होते. त्या वेळी सगळीकडे लढाया चालू होत्या. शहाजीराजांना एका जागी राहता येत नव्हते. जिजाऊंना दिवस गेले होते. सुरक्षित जागा पाहिजे होती. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव यांच्या घराण्याशी भोसल्यांची सोयरीक होती. म्हणून जिजाऊ शिवनेरीवर राहिल्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी, फाल्गुन वद्य तृतीयेला, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावर शिवाई देवी आहे, तिच्यावरून शिवाजी हे नाव ठेवले असे सांगतात.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. १६३० ते १६३२ या वर्षांत दक्षिणेत फार मोठा दुष्काळ पडला होता. पाऊसच नाही. माणसे आणि गुरे अन्नपाण्यावाचून मेली, गावे ओस पडली. म्हणजे महाराज पाळण्यात होते, रांगत होते, तेव्हा गडाच्या खाली दुष्काळ होता. मी आईला हे सांगितले. आई म्हणाली, “बाळंतिणीला किती पाणी लागतं ते मला विचार.” गडावर टाकी नसती तर काय झाले असते?

महाराज लहान असतानाच जिजाऊंना गड सोडावा लागला. निजामशाही बुडाली आणि १६३७ च्या सुमारास शिवनेरी मोगलांकडे गेला. आणि आता मी जे लिहिणार आहे ते वाचून वर्गातल्या मुलांना राग येईल. मला पण आला होता. महाराजांनी एवढे किल्ले घेतले, पण त्यांचा जन्म झाला तो शिवनेरी त्यांना जन्मभर परत मिळाला नाही.

त्यांनी प्रयत्न केला नाही असे नाही. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आत उड्या घेतल्या. तीन लाख होन आणि दोनशे घोडे मिळाले. पण ते खालचे शहर, वरचा गड नाही. १६७३ मध्ये गडाचा किल्लेदार अब्दुल अजीजखान याला आपल्या बाजूला वळवून पाहिले. तो वळला नाही. १६७८ मध्ये मराठ्यांनी पुन्हा प्रयत्न केला. सुमारे तीनशे मावळे रात्री दोर टाकून कड्यावरून वर चढले. किल्लेदार सावध होता. वर चढलेले मावळे मारले गेले. मी तो कडा खालून मान वर करून पाहिला. दिवसा पाहूनसुद्धा पोटात गोळा येतो. ते रात्री चढले होते.

१६८० मध्ये महाराज गेले. त्यानंतर ३६ वर्षांनी, १७१६ मध्ये, शाहू महाराजांनी शिवनेरी मिळवला. आम्ही वर्गात फळ्यावर वजाबाकी केली. १७१६ वजा १६३७ बरोबर ७९. एकोणऐंशी वर्षे गड मोगलांकडे होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, हे भित्तिपत्रकात नका लिहू. महाराज हरले असं दिसतं.” वर्गात पुष्कळ जणांना त्याचे पटले. गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. मग त्यांनी विचारले, “ते तीनशे मावळे चढले, ते खरं की खोटं?” सगळे म्हणाले खरं. “मग ते आपण लिहायचं नाही, तर कोणी लिहायचं?” म्हणून मी लिहिले आहे.

शिवनेरी घ्यायला एवढा अवघड का? याचे उत्तर पुन्हा पाण्यात आणि धान्यात आहे. किल्ला नुसता लढून घेत नाहीत. त्याला वेढा घालतात आणि खाली बसून राहतात. वरचे पाणी आणि धान्य संपले की दार आपोआप उघडते. महाराजांच्याच काळात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या घरी औषधपाणी करायला जुन्नरला आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी सामग्री आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. सात वर्षे! म्हणजे खाली वेढा घालून बसलेल्याचा मुलगा पहिलीतून सातवी पास होईल.

धान्य ठेवायचे त्या इमारतीला अंबरखाना म्हणतात. शेवटच्या दरवाजातून वर गेले की समोरच दिसतो. आता त्याची पडझड झाली आहे. तिथून शिवकुंजाकडे जाताना गंगा आणि जमुना ही टाकी लागतात. अशी पुष्कळ टाकी गडावर आहेत. कोणी म्हणेल, टाके म्हणजे खड्डा, त्यात काय एवढे? तर ऐका.

आपला डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. फार वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर थंड झाले. अखंड घट्ट थरात पाणी जिरत नाही. पण दोन थरांच्या मध्ये मऊ लाल थर असतो किंवा फट असते, तिथून पाणी पाझरते. जुन्या लोकांना हे बरोबर माहीत होते. ते घट्ट कातळ पाहून टाके खोदत. पाझर असेल तर तो टाक्यात येईल असे बघत. खोदताना निघालेला दगड फेकून देत नसत, तो बांधकामाला वापरत. म्हणजे एका कामात दोन कामे. आणि टाक्याचे तोंड बाहेर ठेवून पोट कातळाच्या आत नेत. वर कातळाचेच छप्पर. टाके मोठे असेल तर छप्पर पडू नये म्हणून मध्ये दगडाचेच खांब सोडत.

आत का नेत? मी घरी प्रयोग केला. दोन सारख्या वाट्या घेतल्या. दोन्हींत सारखे पाणी ओतले. एक वाटी ओट्यावर उन्हात ठेवली. दुसरी वाटी पडवीच्या कोपऱ्यात ठेवून वर उलटे घमेले ठेवले. घमेल्याखाली एक दगड ठेवला, म्हणजे जरा हवा लागेल. तिसऱ्या दिवशी उन्हातली वाटी कोरडी पडली. घमेल्याखालच्या वाटीत अर्ध्याच्या वर पाणी शिल्लक होते आणि ते गारही होते. (पहिल्यांदा कोंबडीने वाटी सांडली होती, म्हणून प्रयोग परत करावा लागला.) तुम्हीही करून पाहा. सावलीतले पाणी लवकर उडून जात नाही. त्यात शेवाळही कमी धरते, कारण शेवाळाला ऊन लागते.

गुरुजींनी मग एक हिशेब घातला. समजा एक टाके ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. साठ घनमीटर. एका घनमीटरात एक हजार लिटर पाणी मावते. म्हणजे ६०,००० लिटर. आमचा हंडा १५ लिटरचा आहे. ६०,००० भागिले १५ म्हणजे ४,००० हंडे! आमच्या घराला दिवसाला आठ हंडे लागतात. ४,००० भागिले ८ म्हणजे ५०० दिवस. एका टाक्यावर आमचे घर दीड वर्षाच्या जवळपास जगेल. हे गणित सुटल्यावर मी ते दोनदा तपासले, कारण मला खरेच वाटेना.

आता गड बघायला कसे जायचे ते सांगते. पुण्याहून येणारे पाहुणे नाशिक रस्त्याने नारायणगावला येतात आणि तिथून जुन्नरला. पुण्यापासून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर आहे. जुन्नरच्या स्टँडपासून गड दोन-तीन किलोमीटरवर आहे. पायऱ्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे. पायऱ्यांच्या वाटेने सात दरवाजे लागतात. म्हातारी माणसेसुद्धा बसत बसत चढतात. दुसरी साखळीची वाट आहे. तिथे कातळात खोबणी आहेत आणि धरायला साखळी आहे. ती लहान मुलांसाठी नाही. गुरुजींनी आम्हांला लांबूनच दाखवली.

पाचवा दरवाजा ओलांडला की उजव्या हाताला शिवाई देवीचे मंदिर आहे. मंदिरामागे कड्यात लेणी आहेत. वर शिवकुंजात जिजाऊ आणि बालशिवबा यांचा पुतळा आहे. शिवबाच्या हातात छोटी तलवार आहे. पुढे जन्मस्थानाची दुमजली इमारत आहे. खालच्या खोलीत पाळणा ठेवला आहे. तिथे आमच्या वर्गाचा आवाज आपोआप बंद झाला. एरवी गुरुजी सांगून सांगून थकतात. इमारतीसमोर बदामी तलाव आहे आणि अगदी टोकाला कडेलोट. तिथून खाली बघताना मी गुरुजींचा हात धरला होता. लांब चावंड, जीवधन दिसतात आणि वडज धरणाचे पाणी चमकते.

१९ फेब्रुवारीला गडावर फार गर्दी असते. शांतपणे बघायचे असेल तर दुसरा दिवस निवडा. सकाळी लवकर निघा. आग्या मोहोळ असते, म्हणून धूर करू नका, दगड मारू नका. आम्ही गेलो तेव्हा एक मोठा माणूस टाक्यात रिकामी बाटली टाकत होता. आमच्यातली एक मुलगी त्याला म्हणाली, “काका, इथं महाराज पाणी प्यायलेत.” त्याने बाटली पिशवीत ठेवली. भिंतीवर खिळ्याने नावे कोरणारे पण असतात. इरिलने दोन पोढ्या दिल्या आणि मग नाव लिहिले. यांनी काय दिले?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात शिवनेरी आहे. अकरा किल्ले महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. आपल्या पुणे जिल्ह्यातले तीन आहेत. शिवनेरी, राजगड आणि लोहगड.

गडावर अजून एक जागा आहे. अंबरखान्यापासून एक वाट टेकाडावर जाते. तिथे कोळी चौथरा आहे. पुष्कळ पाहुणे तिकडे जात नाहीत, त्यांना घाई असते. १६५० च्या सुमारास इथल्या महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केले. ते मोगलांनी मोडले. धरून आणलेल्या कोळ्यांना गडावर त्या जागी मारले. आम्ही महादेव कोळी आहोत. आमच्या वर्गात निम्मी मुले महादेव कोळी आहेत. गुरुजींनी तिथे आम्हांला टोप्या काढायला सांगितल्या. कोणी काही बोलले नाही. वारा फार होता.

घरी आल्यावर सगळ्यांनी पाळण्याचे विचारले. आजीने फक्त एकच विचारले, “काय गं, चौथऱ्यावर फूल वाह्यलं का?” मी म्हणाले, “व्हय आजी, झेंडूचं वाह्यलं. शाळेच्या बागेतलं नेलं होतं.” आजी काही बोलली नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरी थापत बसली. आजी कधी शाळेत गेली नाही, पण तिला चौथरा माहीत होता. १६५० हे साल मी तिला सांगितले.

आता शेवटचे, आणि हे खास पालकांसाठी आहे. आपल्या वाडीच्या वर देवळामागे कातळात एक टाके आहे. लहान मुलांनी तिकडे जायचे नाही, असे सगळे सांगतात, म्हणून आपण ते विसरलो आहोत. आम्ही पाच जणी गुरुजींबरोबर जाऊन ते मोजून आलो. सुतळीने मोजले. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर. वर कातळाचे छप्पर आहे, अगदी गडावरच्यासारखे. खोली कळली नाही, कारण आत गाळ, पालापाचोळा आणि एक तुटकी खाट आहे. गुरुजींनी वेळू आत खुपसला तर तो दोन मीटर गाळात गेला. त्याच्या खाली किती आहे ते गाळ काढल्यावर कळेल. नुसते दोन मीटर धरले तरी चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. २४,००० लिटर. भागिले १५ म्हणजे १,६०० हंडे.

चैत्र-वैशाखात आपल्या आया पहाटे उठून खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जातात. एक हंडा भरायला वाटीवाटीने पाणी घ्यावे लागते. मी आईबरोबर जाते तेव्हा पहिल्या तासाला शाळेत झोप येते. टाके साफ करून त्यात पावसाचे पाणी धरले तर तेवढे हंडे तरी वाचतील. आधी ते पाणी गुरांना आणि धुण्याला वापरता येईल. पिण्यासाठी मात्र तपासून घ्यावे लागेल आणि उकळावे लागेल, असे आरोग्यसेविका ताई म्हणाल्या.

टाके जुने आहे, म्हणून परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही असे गुरुजी म्हणाले. त्यांनी ग्रामसभेत ठेवायला अर्ज लिहिला आहे. त्याच्याखाली आम्ही चौथीच्या सर्व मुलांनी सह्या केल्या आहेत. मोठ्या माणसांच्या सह्यांसाठी जागा मोकळी ठेवली आहे. अर्ज ऑफिसच्या टेबलावर आहे आणि पेन दोरीने बांधलेले आहे. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅडही ठेवला आहे. आजीचा अंगठा पहिला आहे.